आप्पांचा वरचा सा

"तुझी पट्टी कुठली?" हा कुंदाताईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी नुकतीच बारावी झालेले. वर्तकनगरहून डोंबिवलीला एकटी आलेले, आणि शाळेच्या त्या हॉलमध्ये कोणाशीही न बोलता दिवस कसा काढता येईल या विचारात होते. पट्टी म्हणजे मला कंपासपेटीतली तेवढी माहीत.

"नाही आणली," मी म्हटलं.

सगळा हॉल हसला. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "शाळा कुठली गं तुझी?" मी नाव सांगितलं. "तरीच! अगं, गळ्याची पट्टी. म्हणजे तुझा सा हार्मोनियमवर कुठे लागतो ते. पण नाही आणलीस ते बरंच केलंस. इथे एकच चालते."

त्या दिवसापासून त्यांच्यासाठी माझं नाव 'कॉन्व्हेंट'. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

कुंदाताई आप्पांची मुलगी. आप्पा ध्रुपद गायचे, आणि दर मे महिन्यात डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये गायक-वादकांसाठी शिबिर घ्यायचे. ध्रुपद म्हणजे ख्यालाच्याही आधीचं गाणं, एवढंच मी माझ्या मैत्रिणींना सांगू शकायचे. त्यात तालाआधी खूप वेळ नुसते 'नोम', 'तोम', 'री', 'ना' असे बोल घेऊन आलाप करतात. सुरुवात अगदी खालून, तळातून. मग एकेक स्वर चढत शेवटी वरचा सा. आप्पांकडे ते शिकायला थोडेच लोक यायचे. एक निवृत्त बँक मॅनेजर होते, बीन म्हणजे रुद्रवीणा वाजवायचे. दोन-तीन पखवाजवाले, आणि उरलेल्या आम्ही गाणाऱ्या मुली. सुट्टीत स्विमिंगला जागा मिळाली नाही म्हणून आईने पाठवलेल्याही त्यात होत्या. मी त्यातलीच.

सगळ्यांनी गायचं ते काळी एकमध्ये. हार्मोनियमची डावीकडची पहिली काळी पट्टी. पुरुषाच्या भरदार आवाजाची जागा. आप्पा तिथे गायचे, म्हणून शिबिरही तिथेच गायचं. आम्हा मुलींची पंचाईत व्हायची. आप्पांचा वरचा सा तो आमचा मधला सा. तिथून खाली जावं तर आवाजाऐवजी नुसती हवा, वर जावं तर किंकाळी. मी एकदा धीर करून कुंदाताईंना सांगितलं, की मला हे जमत नाहीये. 

"होईल सवय," त्या म्हणाल्या. "मला नाही का झाली?"

मी बोलत नाही आणि हलत नाही हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं, आणि माझ्या हातात तानपुरा देऊन मला मागे बसवलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझी जागा तीच. मला ती आवडायची. मागून माणसं चांगली दिसतात.

कुंदाताई तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, चालताना एक खांदा किंचित पुढे. तो तानपुऱ्यानेच तसा झाला होता. घड्याळाच्या पट्ट्याला नेहमी पांढऱ्या सुताचे तुकडे गुंडाळलेले असायचे. तानपुऱ्याच्या तारेखाली तसा दोरा सरकवला की तार गुंजायला लागते. गाणं चालू असताना, शिकवताना, अगदी भाजी निवडतानाही त्यांची बोटं त्या सुताशी खेळत असायची. स्वतःचं मत त्या कधी स्वतःच्या नावावर सांगायच्या नाहीत. प्रत्येक वाक्याआधी 'आप्पा म्हणतात'. "आप्पा म्हणतात, आधी ऐकावं, मग गावं, मग गप्प बसावं." एकदा म्हणाल्या, "आप्पा म्हणतात, ही केतकी फार आगाऊ आहे." आप्पा समोरच होते. ते म्हणाले, "मी कधी म्हटलं?"

"म्हणाला असतात," कुंदाताई म्हणाल्या.

केतकी कल्याणची. माझ्याच वयाची आणि माझ्या बरोबर उलट. जे मनात तेच तोंडात.

आप्पांसाठी घरी येण्याआधी कुंदाताई एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. आई गेली, आप्पांना एकटं ठेवता येईना, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पण नाक तिथलंच राहिलं होतं. हॉलच्या खिडकीतून वाऱ्याबरोबर वास आला, की आम्ही ओढण्या नाकाला लावायचो आणि त्या डोळे मिटून सांगायच्या, "आज रंगवाले आहेत. परवाचा औषधवाल्यांचा होता. तो गोडसर असतो बघ." असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. आप्पांचं नाव न लावता त्या ज्या थोड्या गोष्टींवर बोलायच्या, त्यातली ही एक.

दुसरी म्हणजे पाणीपुरी. आप्पांच्या घरात आंबट, तळकट, थंड असं काही चालत नसे. गळा बिघडतो. शिबिर सुटल्यावर त्या केतकीला आणि मला घेऊन फडके रोडजवळच्या एका गाडीवर जायच्या आणि रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "भैया, तिखा डालो. और तिखा." डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायच्या. एकदा शेजारून कोणीतरी "काय कुंदाताई!" अशी हाक मारली. त्या वळल्याही नाहीत. तोंडातली पुरी तशीच ठेवून आम्हाला खूण केली, की तुम्ही बोला. केतकी म्हणाली, "या आमच्या मावशी आहेत, डोंबिवलीच्या नाहीत." तो माणूस खरंच निघून गेला. कुंदाताई इतक्या हसल्या, की ठसका लागून भैयाने पाणी आणून दिलं.

आप्पांचा वरचा सा कोण लावतं, हे मला तिसऱ्या उन्हाळ्यात कळलं. डोंबिवलीतच एका छोट्या सभागृहात आप्पांचं गाणं होतं. मागे दोन तानपुरे, एक कुंदाताईंकडे, एक माझ्याकडे. आप्पांनी खालून आलाप सुरू केला. वय झालं तरी त्यांचा खालचा आवाज जुन्या लाकडासारखा होता. एकेक स्वर करत ते वर आले, वरच्या नीला, साच्या एक पायरी खाली, थांबले, डावा हात वर उचलला, तोंड उघडलं. आणि कुंदाताई पुढे झुकल्या, आप्पांच्या खांद्यामागे, माइकच्या रेषेत, आणि त्यांनी सा लावला. आप्पांचा आवाज जिथे विरत होता, बरोबर तिथून तो निघाला. सांधा कळला नाही. समोरून दिसत होतं ते एवढंच, की एक म्हातारा गवई हात उंचावून वरच्या सावर उभा आहे.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "या वयात काय सा आहे!" आप्पांनी मान झुकवली. कुंदाताई तोवर मागे सरकून तारेखालचा दोरा नीट करत होत्या.

परत येताना मी त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय गं कॉन्व्हेंट? बघितलंस ना? आता बघितलं नाहीस."

मी मान हलवली. मला ते समजलं. आमच्याकडेही पाहुण्यांनी मला काही विचारलं, की उत्तर आई देते.

त्यापुढच्या उन्हाळ्यातला तो शुक्रवार. आप्पा डोळ्यांच्या तपासणीला गेले होते. शेजारच्यांच्या गाडीतून, म्हणून कुंदाताई शिबिरात थांबल्या होत्या. तानपुरे दुरुस्तीला दिलेले. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेटीवर काम चाललं होतं. अकराच्या सुमारास लाइट गेले. पंखे थांबले, पेटी बंद पडली. केतकीने लगेच फोन काढला, त्यावरचा तानपुरा लावला आणि फोन स्टीलच्या डब्यात उभा ठेवला, आवाज मोठा यावा म्हणून.

"हा कुठे लागलाय?" कुंदाताईंनी विचारलं.

"काळी चार. माझ्या घरच्या रियाजाचा. थांबा, खाली आणते."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लाइट येईपर्यंत."

काळी चार ही बायकांच्या आवाजाची पट्टी. कुंदाताईंनी सा लावला. मग नी, मग ध, मग आणखी खाली. काळी एकमध्ये त्यांना खालचं असं काही नव्हतंच. तो मुलूख आप्पांचा. त्यांनी फक्त वर यायचं असायचं. आता त्या खाली उतरत गेल्या, जपून, अंधारात जिना उतरावा तशा, आणि प्रत्येक पायरी तिथे होती. आवाज रुंद झाला, गडद झाला. आप्पांसारखा नव्हता. कोणासारखाच नव्हता. बँक मॅनेजर काकांनी बीन मांडीवरून खाली ठेवली. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण वहीने वारा घेणाऱ्या मुलीही थांबल्या.

लाइट आले. पंखा गरगरला, पेटी आपोआप काळी एकमध्ये सुरू झाली आणि दोन तानपुरे एकमेकांत घुसले. कुंदाताईंनी डोळे उघडले.

"बंद कर तो फोन," त्या म्हणाल्या.

पण केतकीने त्याच फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. तिची मामी माजिवड्याला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहते. तिथल्या क्लब हाऊसमध्ये रविवारी सकाळी गाणी होतात. मामीने ऐकलं आणि बोलावणंच पाठवलं. कुंदाताईंचं गाणं. एकट्यांचं. काळी चारमध्ये.

"मला कोण ऐकणार?" कुंदाताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "साडी कुठली नेसू?"

मग त्यांचा चोरटा रियाज सुरू झाला. दुपारी आप्पा झोपले, की स्वयंपाकघराचं दार लावायचं, एक्झॉस्ट फॅन चालू करायचा आणि ओट्याशी उभं राहून गायचं. केतकी फोन धरायची, मी दाराशी. "कॉलेजात असताना हे करायला हवं होतं," कुंदाताई कुजबुजल्या. "तेव्हा मुलगी पळून जायची ती निदान कोणाबरोबर तरी. मी या वयात पळतेय ती डाळीच्या डब्यांबरोबर." त्या दिवसांत त्यांच्या बोलण्यातून 'आप्पा म्हणतात' कमी झालं होतं. त्यांना ते जाणवलं नसावं.

आप्पांना कळलंच. ते रागावले नाहीत. आम्ही चहा घेत होतो, तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुंदा, काळी चार?"

"हो, आप्पा."

"छान. जरूर गा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "फक्त एक सांगतो. गळा एकच असतो. त्यात दोन पट्ट्यांचे संसार मांडले, तर धड एकही राहत नाही. पण तू गा. माझं काय, दिवाळीनंतर पुण्याचं बोलावणं आहे, तिथे मी खालचंच गाईन. वर जाणार नाही. लोक म्हणतील, म्हातारा थकला. म्हणू देत. खोटं थोडंच आहे?"

कुंदाताईंनी त्यांच्या कपाखालची बशी उचलून पुसली. "तसं नाही होणार, आप्पा."

जिना उतरताना केतकी चिडली होती. "काय माणूस आहे! ओरडले असते तर परवडलं असतं."

 मलाही तेच वाटलं होतं. ओरडणाऱ्याला निदान उलट उत्तर देता येतं.

तरीही त्या आल्या. माजिवड्याचा तो एसी हॉल, समोर कडक इस्त्रीतली माणसं, केतकीने कुठून कुठून मिळवलेले दोन लहान, बायकी तानपुरे, काळी चारला लावलेले. कुंदाताईंनी गडद हिरवी साडी नेसली होती. मनगटाला सूत होतंच. आप्पा म्हणाले होते, मी येणार, माझी मुलगी गातेय. आयोजक बाईंनी त्यांना पाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "आप्पा, खाली कसले बसता? स्टेजवर या. लेकीला आशीर्वाद द्या." ते कुंदाताईंच्या शेजारी येऊन बसले.

कुंदाताईंनी सा लावला. मी मागून त्यांची पाठ बघत होते. सुरुवातीला ताठ, मग हळूहळू सैल. त्या खाली उतरल्या. त्या शुक्रवारी ज्या पायऱ्या चाचपत गेल्या होत्या, तिथे आता ऐटीत जात होत्या. एका जागी तर त्यांनी स्वर असा काही वळवला, की पखवाजवाल्याने वाजवायची वेळ नसताना "वा!" म्हटलं. मला वाटलं, झालं. सुटल्या.

आणि आप्पा गायला लागले.

त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आजही ठामपणे म्हणावंसं वाटतं. त्यांचे डोळे मिटले होते, डोळ्यांत पाणी होतं. ऐकू कमी यायला लागलं होतंच. मुलीचं गाणं ऐकून त्यांना भरून आलं आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी आपला सा लावला. काळी एकचा. तो आमच्या तानपुऱ्यांवर कुठेच बसत नव्हता. आयुष्यात कधी बेसूर न झालेला माणूस माइकसमोर बेसूर गात होता आणि त्याला ते कळत नव्हतं. समोरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या रांगेत एक मुलगा हसला.

कुंदाताई थांबल्या.  त्यांना आप्पांच्या गुडघ्याला हात लावता आला असता. मी मनात म्हणत होते, लावा, लावा. त्या आमच्याकडे वळल्या.

"उतरवा," त्या म्हणाल्या.

"ताई, नको," केतकी म्हणाली.

"आप्पांच्या पट्टीत घ्या. पटकन."

आम्ही खुंट्या पिळल्या. लहान तानपुऱ्यांच्या बारीक तारा इतक्या खाली येत नाहीत. त्या दोरीसारख्या लोंबल्या, गुंजायच्या ऐवजी फडफडल्या. तशातच गाणं पुढे गेलं. खालचं आप्पांनी गायलं. वरच्या नीला थांबून त्यांनी डावा हात उचलला, आणि कुंदाताईंनी सा लावला.

नंतर लोक भेटायला आले. "डोळे मिटले तर आप्पाच!" एक बाई कुंदाताईंचे हात धरून म्हणाल्या. रिक्षात बसताना आप्पा खूश होते. "कुंदा, आज साथ छान केलीस."

"हो, आप्पा," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांची काठी आत घेतली.

काळी चारचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. केतकीने दोन-तीनदा काढलं, मग तीही कंटाळली.

आप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. या मे महिन्यात शिबिर होईल असं वाटलं नव्हतं, पण कुंदाताईंचा फोन आला, "येतेस ना गं?" मी आता नोकरी करते, रजा टाकून गेले. हॉल तोच होता, शिबिर मात्र बदललं होतं. पहिल्याच सकाळी कुंदाताईंनी एकेका मुलीला जवळ बसवून तिचा सा शोधला. कोणाचा काळी चार, कोणाचा पांढरी पाच. एक भित्री मुलगी सारखी शेजारणीच्या सुरात जात होती. तिला त्या म्हणाल्या, "तिचा सा तिच्याकडे राहू दे. तुझा कुठे आहे बघ. घाई नाही." हे सांगताना 'आप्पा म्हणतात' नव्हतं. हॉलमध्ये पेट्या चार-पाच झाल्या होत्या, नुसता कोलाहल. बँक मॅनेजर काका कानात बोटं घालून बसायचे.

शेवटच्या दिवशी मुलींनी हट्ट धरला, ताई, तुम्ही गा. केतकीने आधीच आप्पांचे मोठे तानपुरे काढले होते. "आता तरी काळी चार, ताई? तारा बदलून आणते. तासाभराचं काम आहे."

"नको. आहेत तसे असू देत," त्या म्हणाल्या.

मी मागे बसून काळी एकचा तानपुरा छेडायला लागले. त्यांनी डोळे मिटले. गाणं सुरू होईना. मुलींना वाटलं, त्या प्रार्थना करतायत. वेळ जात राहिला. मुली चुळबुळायला लागल्या, कोणीतरी हळूच विचारलं, "विसरल्या का?"

मी मागून बघत होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर हलत होता, अगदी थोडा. बोटं खाली जात, थांबत, एखाद्या स्वराभोवती फिरत, एक पाऊल वर येत. मान मधेच दाद दिल्यासारखी हलायची. ती चाल मला पाठ होती. आप्पा तळातून निघायचे, नीट सावकाश, प्रत्येक जागा घेत. त्यांचं सगळं गाणं त्या होऊ देत होत्या. कुठेही घाई नव्हती. हात छातीपर्यंत चढला, आणि वरच्या नीशी थांबला.

मग त्या किंचित पुढे झुकल्या, समोर कोणी बसलेलं असावं तशा, आणि त्यांनी वरचा सा लावला.

तो उंच, सरळ सा दमदारपणे हॉलभर राहिला. आम्ही सगळ्या पुढच्या गाण्याची वाट बघत बसलो. दम संपला तसा तो थांबला. कुंदाताई मागे सरकल्या, डोळे उघडले, आणि तानपुरा खाली ठेवायची मला खूण केली.